चौकट : डोक्याइतक्या उंच पिकात

पवनाकाठच्या रहाटणीत आज इमारतींची दाटी आहे. पण चाकण ओलांडून खेड-शिरूरकडे गेलं, की रब्बीची ज्वारी आणि मक्याचे मळे अजून भेटतात.

● मका आणि ज्वारी : मका मूळचा मेक्सिकोचा, ज्वारी आफ्रिकेची. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

● राखण : दाणा भरू लागला की पाखरांचे थवे उतरतात. राखणदार माळ्यावर उभा राहतो. गोफणीच्या एका टोकाचा फास बोटात अडकवायचा, दुसरं टोक चिमटीत धरायचं, खोळीत खडा ठेवून गरगर फिरवायचं आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची.

● हुरडा : डिसेंबर-जानेवारीत कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजतात. गरम कणीस तळहातावर चोळलं की हिरवे दाणे सुटतात. गूळभेंडी हे हुरड्याचं नावाजलेलं वाण.

● धोका : ज्वारीच्या कोवळ्या किंवा पाण्याविना सुकलेल्या रोपांत विषारी द्रव्य असतं. गुरं त्यात शिरून चरली तर दगावू शकतात.

● कथेत, कवितेत : उंच पीक माणसाला लपवतं, पण पानांची सळसळ त्याचा ठावही सांगते. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) नायक विमानापासून वाचायला मक्यातच शिरतो. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’मधलं (१९६७) रान मात्र पळसखेड्याच्या कसत्या शेतकऱ्याचं आहे. मराठी साहित्यात शेत असं आतून येतं, हे आपलं मोठं धन आहे.