पालकांची शाळा

मुलांना शाळा आहे; पालकांना कोठें आहे? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. जीं मुलें बालवाडींत येत नसत, त्यांच्या अंगणांतच त्यांनीं ती नेली. अंगणांतील वर्ग आईच्या दृष्टीसमोर भरतो. मुलाबरोबर तीही शिकते, हा त्यांतील मोठा लाभ.

१९७५ सालीं एकात्मिक बालविकास योजना निघाली व पुढें अंगणवाड्या देशभर पसरल्या. तेथें पालकमेळावेही भरतात. परंतु आपल्या परभणी जिल्ह्यांतील अनेक आईबाप ऊसतोडीस जातात आणि लेकरूं आजीपाशीं राहतें. म्हणून मेळाव्याचें पहिलें बोलावणें त्या आजीला हवें. लेकराशीं बोलावें, वाटी-डबे वाजवूं द्यावे, त्याच्या प्रश्नास उत्तर द्यावें, मारूं नये, एवढें तिला तेथें दाखवावें. यास पैसा लागत नाहीं. रोज घटकाभर वेळ पुरतो.