घटस्फोटाचा कागद कुठल्या काउंटीत?

अमेरिकेत घटस्फोट झालेल्याला तो कागद पुन्हा आठवतो दुसरे लग्न ठरले की, नाहीतर नागरिकत्वाचा अर्ज भरताना. तोवर मूळ प्रत घरे बदलताना कुठेतरी गहाळ झालेली असते. मग शोध सुरू होतो आणि त्याबरोबर ऐकीव सल्लेही. खरे तर दोनच प्रश्नांची उत्तरे आधी हवीत : हुकूम कोणत्या काउंटीच्या कोर्टाने दिला, आणि मागणाऱ्या कचेरीला नेमका कोणता कागद हवा आहे?

गैरसमज : सगळ्या घटस्फोटांची नोंद वॉशिंग्टनला एकत्र मिळते.

वस्तुस्थिती : अशी देशभराची नोंदवही नाही. घटस्फोट हा राज्यांच्या कायद्याचा विषय आहे. दावा बहुतेक राज्यांत काउंटीच्या कोर्टात चालतो आणि फाइल क्लार्कच्या ताब्यात राहते. कोर्टाचे नाव मात्र राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंटींत ते सुपीरियर कोर्ट असते, टेक्सासात बहुधा डिस्ट्रिक्ट कोर्ट. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट सुप्रीम कोर्ट देते. तिथे हे राज्यातले सर्वोच्च न्यायालय नसून दावे मुळात जिथे चालतात ते कोर्ट आहे. त्याच राज्यातले फॅमिली कोर्ट पोटगी आणि मुलांचा ताबा पाहते, पण घटस्फोट देत नाही. त्याच्या खिडकीवर हुकूमनामा मागणारा रिकाम्या हाताने परततो.

गैरसमज : लग्न जिथे लागले, दावाही तिथेच लागतो.

वस्तुस्थिती : लग्न पुण्यात लागलेले असो वा लास वेगासला, अमेरिकी कोर्ट पाहते ते वास्तव्य. कॅलिफोर्नियात दावा लावण्याआधी पती किंवा पत्नीने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेले असावे लागते. टेक्सासात राज्यात सहा महिने आणि काउंटीत ९० दिवस. म्हणून जुनी फाइल शोधताना विचारायचे ते हे, की दावा लावला त्या वेळी दोघांपैकी कोण कुठे राहत होते? नेवाडाने १९३१ मध्ये वास्तव्याची अट सहा आठवड्यांवर आणली आणि घटस्फोटासाठी परराज्यांतले लोक रेनोला मुक्काम ठोकू लागले. त्यामुळे न्यूयॉर्कात संसार केलेल्या जोडप्याची त्या काळातली फाइल नेवाडाच्या वॉशो काउंटीत निघू शकते.

गैरसमज : सर्टिफिकेट काय आणि डिक्री काय, कागद एकच.

वस्तुस्थिती : कागद तीन प्रकारचे असतात आणि सर्वाधिक हेलपाटे इथेच पडतात. सर्टिफिकेटवर दोघांची नावे, तारीख आणि ठिकाण एवढेच असते. बऱ्याच राज्यांत ते आरोग्य खात्याकडून मिळते. डिक्री म्हणजे न्यायाधीशाच्या सहीचा हुकूमनामा. मालमत्तेची वाटणी, पोटगी, मुलांचा ताबा, नाव पूर्ववत करण्याची परवानगी हे सगळे त्यात असते. तिसरी ती संपूर्ण फाइल : अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा, शपथपत्रे, हिशेब, अधलेमधले आदेश.

राज्याच्या खात्याकडे काय आहे, हेही आधी पाहावे. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळातल्या घटस्फोटांच्या नोंदी आहेत. टेक्सासचे खाते १९६८ पासूनच्या नोंदींवरून फक्त पडताळणीचे पत्र देते. ते हुकूमनाम्याची जागा घेत नाही. दुसऱ्या लग्नासाठी किंवा इमिग्रेशनसाठी सहसा हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल लागते, आणि ती देतो त्या कोर्टाचा क्लार्क.

गैरसमज : नाव सांगितले की फाइल सापडते.

वस्तुस्थिती : केस नंबर असेल तर काम सोपे. नसेल तर दोघांची पूर्ण नावे आणि अंदाजे वर्ष द्यावे लागते. मराठी नावांचा इथे हमखास घोळ होतो. वाघमारे हे आडनाव इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू अशा दोन्ही अक्षरांनी लिहितात. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे, यावर बाईच्या नावाची नोंद बदलते. कधी तेच आडनाव म्हणूनही चढते. सगळी रूपे, माहेरच्या आडनावासकट, अर्जात लिहावीत.

गैरसमज : कोर्टाची फाइल कुणीही उघडून पाहू शकतो.

वस्तुस्थिती : हे राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात घटस्फोटाची फाइल साधारणपणे सार्वजनिक असते. मात्र ताब्याबाबतच्या तपासणीचा अहवाल किंवा प्राप्तिकराची विवरणपत्रे यांसारखे कागद गोपनीय राहतात. न्यूयॉर्कमध्ये उलट. तिथे पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून इतरांना कोर्टाच्या आदेशाशिवाय ही फाइल १०० वर्षे पाहता येत नाही.

गैरसमज : अर्ज दाखल झाला, सहा महिने उलटले, की घटस्फोट आपोआप होतो.

वस्तुस्थिती : कॅलिफोर्नियातली सहा महिन्यांची मुदत ही किमान मुदत आहे. तिची मोजणीही सहसा अर्जाच्या दिवसापासून नव्हे, तर समोरच्याला कागद बजावल्यापासून किंवा तो कोर्टात हजर झाल्यापासून होते. क्रम असा : अर्ज आणि समन्स क्लार्ककडे दाखल करायचे, फी साधारण ४३५ डॉलर भरायची, मग अठरा वर्षांवरच्या, दाव्यात पक्षकार नसलेल्या माणसाकडून कागद बजावायचे. अर्जदाराला स्वतः ते हातात देता येत नाहीत. बजावणीचा पुरावा आणि उत्पन्न-खर्चाचा तपशील द्यायचा, आणि शेवटी निकालाचे कागद न्यायाधीशासमोर ठेवायचे. ही शेवटची पायरी राहून गेली तर वर्षे लोटली तरी कायद्याने दोघे नवरा-बायकोच.

वकील सक्तीचा नाही आणि ऐपत नसेल तर फीमाफीचा अर्ज करता येतो. क्लार्क फॉर्म देईल, शिक्का मारेल. पण 'मी काय लिहू?' याचे उत्तर त्याने द्यायचे नसते, तो कायद्याचा सल्ला ठरतो. त्यासाठी कोर्टातली स्व-मदत केंद्रे असतात.

गैरसमज : अमेरिकी डिक्रीची झेरॉक्स भारतात चालते.

वस्तुस्थिती : आधी क्लार्ककडून प्रमाणित नक्कल, मग त्यावर अपॉस्टिल. अपॉस्टिल म्हणजे परदेशात दाखवायच्या कागदावरचा सही-शिक्का खरा असल्याचा दाखला. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. राज्याच्या कोर्टाच्या कागदावर अपॉस्टिल त्याच राज्याकडून, बहुतेक ठिकाणी तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून मिळते. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी काउंटी क्लार्कचा दाखलाही लागतो.

अपॉस्टिलने सही-शिक्का खरा ठरतो, हुकूम भारतात मान्य होतोच असे नाही. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ आणि वाय. नरसिंह राव खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल पाहावा लागतो. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचे असेल, तर मतभेद मिटण्यासारखे नाहीत एवढ्याच कारणावर आणि समोरच्याच्या गैरहजेरीत मिळालेला घटस्फोट इथे अडतो. दोघांच्या संमतीने झालेल्याची बाजू भक्कम असते. म्हणून काउंटीत अर्ज करतानाच हुकूमनाम्याबरोबर मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा आणि समोरच्याचे उत्तर यांच्याही प्रमाणित नकला मागाव्यात. भारतातला वकील सगळ्यांत आधी तेच कागद मागेल.