ऑटोमॅटिक गाडीत आरपीएमचा काटा कसा वाचायचा?

दिव्याहून शीळफाट्याकडे जाताना कोंडी, पुढे मुंब्रा बायपासचा चढ आणि सुटीला माळशेज घाट. तिन्ही ठिकाणी ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय मोकळाच असतो, पण आरपीएमचा काटा प्रत्येक ठिकाणी निराळा वागतो. हा काटा इंजिनाचा वेग दाखवतो, गाडीचा नव्हे. तो २ वर असेल, तर इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे.

गैरसमज : गिअर गाडीच बदलते, मग काट्याकडे कशाला बघायचं?
वस्तुस्थिती : गिअर कधी बदलायचा, हे गाडी बरंचसं तुमच्या पायावरून ठरवते. एक्सलरेटर हलका दाबला तर वरचा गिअर लवकर पडतो, दाबून धरला तर उशिरा. शीळ रस्त्यावर पुढची गाडी हात-दोन हात सरकली की काटा ३ वर नेऊन लगेच ब्रेक मारणाऱ्याचं पेट्रोल वाया जातं. तिथे ब्रेक सोडल्यावर बऱ्याच ऑटोमॅटिक आपणहून हळूहळू पुढे सरकतात.

गैरसमज : सगळ्या ऑटोमॅटिक सारख्याच.
वस्तुस्थिती : मारुतीच्या सेलेरिओतून २०१४ मध्ये आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तेवढं यंत्र करतं. म्हणून गिअर बदलताना काटा खाली येतो आणि हलका झटका जाणवतो. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात, दोन पुली आणि एक पट्टा असतो. त्यामुळे काटा एका जागी थांबला तरी वेग वाढत राहतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ताकद तेलातून पुढे जाते, म्हणून निघताना काटा आधी चढतो आणि गाडी मागून वेग घेते.

गैरसमज : काटा एकदम ४-५ वर गेला, म्हणजे बिघाड.
वस्तुस्थिती : बायपासच्या चढावर कंटेनर ओलांडताना एक्सलरेटर खोल दाबला, की गिअरबॉक्स खालचा गिअर घेतो आणि काटा उडी मारतो. त्याला किकडाउन म्हणतात. लाल पट्ट्याच्या हद्दीवर इंजिनाचा संगणक इंधन तोडून फेरे आवरतो. काळजी करायची ती काटा चढूनही चढावर गाडी ओढत नसेल किंवा जळका वास येत असेल तेव्हा.

गैरसमज : चढावरच्या कोंडीत एक्सलरेटरवर गाडी तोलून धरता येते.
वस्तुस्थिती : एएमटी आणि दुहेरी क्लचच्या डीसीटीत तेव्हा क्लच घसरत राहतो आणि तापतो. ब्रेकच दाबून धरा.

गैरसमज : घाट उतरताना न्यूट्रल टाकलं की पेट्रोल वाचतं.
वस्तुस्थिती : उलट आहे. माळशेजहून मुरबाडकडे उतरताना गाडी गिअरमध्ये आणि पाय एक्सलरेटरवरून उचललेला असेल, तर इंजेक्टर इंधन बंद करतात आणि चाकंच इंजिनाला फिरवतात. काटा ३ वर असूनही पेट्रोल जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायलाही इंधन लागतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. उतारावर गिअर लिव्हरवरचे एल, २ किंवा मॅन्युअल मोड वापरा. आवाज वाढेल, पण गाडी आटोक्यात राहील.

थोडक्यात, मोठा आकडा म्हणजे बिघाड नव्हे आणि जास्त खर्चही नव्हे. पाय किती दाबलेला आहे आणि गाडी त्याला साथ देते का, हे काट्यासोबत पाहिलं की उलगडा होतो.