कार्ड पासष्टला, मेमरी एकशे दहाला

उन्हाळा लागला की सुरतेच्या चलथाण-कडोदरा पट्ट्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार कानावर येतेच: "रेंडर लावला की मशीन रडतं, पण टेंपरेचर तर नॉर्मल आहे." साडीच्या प्रिंटची डिझाइनं करणारी, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी, हल्ली घरच्या मशीनवर एआयने चित्रं काढणारी ही मुलं. त्यांत धुळे-नंदुरबारकडून येऊन इथलीच झालेल्या खान्देशी घरांतलीही असतात. तक्रार खरी असते, आकडाही खरा असतो. फक्त तो भलत्याच जागेचा असतो.

"कोअर ६५ आहे, म्हणजे कार्ड थंड आहे."

सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. ग्राफिक्स कार्डावर मधोमध मुख्य चिप, म्हणजे कोअर, असते आणि तिच्याभोवती मेमरीच्या चिपा. स्क्रीनवर ठळक दिसतो तो आकडा मुख्य चिपेचा. मेमरीचं तापमान वेगळं, आणि बहुतेक कार्डांचे पंखे मुख्य चिपेकडे बघूनच फिरतात. म्हणजे काम मेमरीवर पडलं आणि कोअर निवांत असला, तर पंखेही निवांत राहतात.

२०२० साली आलेलं आरटीएक्स ३०९० याचं नमुनेदार उदाहरण. २४ जीबी मेमरीसाठी त्यात एकेक जीबीच्या २४ चिपा बसवल्या: बारा पुढे, बारा पाठीमागे. पुढच्यांना हीटसिंक आणि पंखे मिळाले. मागच्यांच्या वाट्याला नुसता धातूचा पत्रा. त्यात मायक्रॉनची जीडीडीआर६एक्स मेमरी वेगवान तशीच तापट. इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग जोरात असताना या कार्डांचा कोअर साठीच्या घरात आणि मेमरी ११० वर, असं दृश्य जगभर दिसलं. २०२२ च्या ३०९० टीआयमध्ये दोन जीबीच्या चिपा वापरून सगळ्या पुढच्या बाजूला आणल्या, तेव्हा हा प्रश्न बराच हलका झाला.

"शंभर अंश? मग जळालंच की!"

शंभराला पाणी उकळतं, सिलिकॉन नाही. चिपा बोर्डाला धरून ठेवणारं शिसंविरहित सोल्डरसुद्धा २१७ अंशांच्या आसपास वितळतं. उष्णतेचा पहिला फटका बसतो तो माहितीला. मेमरीतला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. चिप जितकी गरम, तितकी गळती जास्त. साध्या डीडीआर४ रॅममध्येही ८५ अंशांच्या वर हे भरणं दुप्पट वेळा करावं लागतं, ते याच कारणाने.

जीडीडीआर६एक्सच्या कार्डांत आणखी एक गंमत आहे. पाठवलेली माहिती बिघडली तर ती ओळखून पुन्हा पाठवली जाते. त्यामुळे मेमरीला झेपेना झालं तरी स्क्रीनवर ठिपके-रेषा दिसतीलच असं नाही, काम मात्र हळू होतं. मेमरीचा क्लॉक वाढवून "बघा, काही झालं नाही" म्हणणारे इथेच फसतात.

"कंपनीच ११० म्हणते, मग १०८ वर चालू दे."

आरटीएक्स ३० मालिकेतल्या जीडीडीआर६एक्स कार्डांत ११० ला कार्ड स्वतःच ब्रेक लावतं. तो मुक्कामाचा आकडा नव्हे. शिवाय आपला उन्हाळा हिशेबात धरायला हवा. पंख्याचा वेग तोच ठेवला तर खोली जितकी तापेल, साधारण तितकंच कार्डही वर सरकतं. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत मेमरी ९६ दाखवत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ती १०९ च्या आसपास जाणार. माझ्या मते सलग कामात ९५ पर्यंत काळजी नको. वारंवार शंभरी ओलांडत असेल तर कार्ड उघडून बघा. १०५ च्या पुढे चालढकल नको.

उघडल्यावर दिसतं ते याच भागाचं. मागांच्या आसपासच्या हवेतले कापडाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत शिरून नमद्यासारखे दाबून बसलेले असतात. चलथाणच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू असेल तर वर काजळीही. हवा आत जाणार कुठून? कंप्रेसर हाताशी असतोच, पण त्याच्या नळीत पाणी साचलेलं नाही ना ते आधी बघा, आणि पंखा बोटाने धरून ठेवा. भरधाव फिरवलेला पंखा उलटी वीज तयार करतो, बेअरिंगही बिघडतं.

मेमरीजवळ तेलकट डाग दिसला की "कपॅसिटर फुटला" म्हणून घाबरायचं कारण नाही. तो बहुधा चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पॅडमधून झिरपलेला सिलिकॉनचा अंश. त्यातून वीज वाहत नाही, धूळ मात्र चिकटते. पॅड कडक झाले असतील तर बदला, पण "जाड तेवढा चांगला" म्हणून नको. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा घातला की हीटसिंक वर उचलला जातो. मग मेमरी थंड आणि कोअर भाजतोय, अशी उलटी तऱ्हा. जाडी मॉडेलप्रमाणे, कधी एकाच कार्डावर जागेप्रमाणेही बदलते.

"माझ्या कार्डात मेमरीचा आकडाच येत नाही, म्हणजे ती तापत नाही."

आरटीएक्स ३०६० किंवा ३०७० मध्ये साधी जीडीडीआर६ असते आणि तिचं तापमान नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही. ती एक्सवाल्या भावंडापेक्षा कमी तापते हे खरं, पण पंख्यांची हेळसांड तिलाही सोसत नाही. जिथे आकडा मिळतो तिथे एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'मेमरी जंक्शन' ही ओळ शोधा. 'हॉटस्पॉट' निराळा: तो मुख्य चिपेतला सगळ्यांत गरम बिंदू. २०१९ मध्ये एएमडीने ११० अंश आमच्या मर्यादेत बसतात असं सांगितलं, ते या बिंदूबद्दल होतं. ते मेमरीला लावू नये.

मेमरी जास्तच तापत असेल तर आधी पंख्याचा वेग हाताने वाढवा, मग पॉवर लिमिट थोडी खाली आणा. हीटसिंक दोघांचा एकच असल्याने कोअरची उष्णता घटली की मेमरीलाही मोकळीक मिळते. तेवढ्याने भागलं नाही तर मेमरीचा क्लॉक उतरवा.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि जुनी कार्डं बाजारात आली. "मायनिंगचं म्हणजे मेलेलं" हेही सरसकट खरं नाही. एकसारख्या भाराखाली चिपेपेक्षा पंखे आणि पॅड आधी थकतात. जुनं जीडीडीआर६एक्स कार्ड घेताना विकणाऱ्याला मेमरीवर भार पडेल असं काम पंधरा-वीस मिनिटं चालवायला सांगा आणि तेवढा वेळ मेमरी जंक्शनवर नजर ठेवा. १०० च्या वर गेलं, तर पॅड बदलायचा खर्च किमतीतून वळता करून घ्या.