पारख्यांचीही पारख : सत्तरपैकी किती?

एकाच वर्षाचे, एकाच टांकसाळीतले चांदीचे दोन डॉलर. एकाच्या लेबलवर ६३, दुसऱ्याच्या ६७. नवख्याला दोन्ही सारखेच चकाकताना दिसतात, किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक! हे गुण देतात अमेरिकेतल्या खासगी ग्रेडिंग कंपन्या. नाणं विकणारा वेगळा, घेणारा वेगळा आणि दर्जा ठरवणारा तिसराच. या तिसऱ्यावर भरवसा किती ठेवायचा? त्याची कुंडलीच मांडू या.

शंभर नाही, सत्तर!
गुणांची ही पट्टी १९४९ साली डॉ. विल्यम शेल्डन यांनी आणली. पेशाने ते मानसशास्त्रज्ञ. माणसांचे शरीरयष्टीवरून एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ, एंडोमॉर्फ असे प्रकार पाडणारे शेल्डन ते हेच. अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी त्यांचा हिशेब सरळ होता : जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरचं असेल, तर तेच नाणं निर्दोष अवस्थेत सत्तर डॉलरचं. बाजाराने हे गणित पुढे धाब्यावर बसवलं, पट्टी मात्र जगभर रुजली. आज ६० ते ७० हे गुण न वापरलेल्या नाण्यांसाठी राखीव असतात आणि खरी मारामारी याच अकरा गुणांत चालते.

कुंपणानेच शेत खाल्लं
शेल्डन १९७७ साली वारले आणि पुढे भलतंच उघडकीला आलं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस नाणी उचलून त्यांनी त्या जागी स्वतःची डावी नाणी ठेवली होती. सरस कुठलं आणि डावं कुठलं, हे त्यांना अचूक कळत होतं एवढं नक्की!

आधी खरं-खोटं, मग गुण
अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ साली ‘अ‍ॅनॅक्स’ ही सेवा काढली, ती फक्त नाणं अस्सल की नकली हे सांगायला. गुण देणं सुरू झालं १९७९ साली, तेही फोटो लावलेल्या प्रमाणपत्रावर. यात एक फट होती : प्रमाणपत्र एका नाण्याचं आणि हातात ठेवलं दुसरंच. ती बुजवली ‘पीसीजीएस’ने. १९८६पासून ही कंपनी नाणं कडक प्लॅस्टिकच्या डबीत लेबलसकट सीलबंद करू लागली. हाच तो ‘स्लॅब’. पुढच्याच वर्षी ‘एनजीसी’ मैदानात उतरली. या धंद्यातल्या दोन बड्या कंपन्या आजही याच.

नाव नाही, गाव नाही
नाणं मेजावर येतं तेव्हा त्याच्यावर बारकोड असतो, मालकाचं नाव नसतं. परीक्षक ते कडेने धरतो, दिव्याखाली तिरपं करून हळूहळू फिरवतो. चांगल्या नाण्यावर उजेडाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. नाणं घासूनपुसून ‘चमकवलेलं’ असेल, तर ही पट्टी फिरत नाही आणि पॉलिशचे बारीक समांतर चरे दिसतात. अनुभवी डोळ्याला बहुतेकदा काही सेकंद पुरतात. दुसरा परीक्षक पहिल्याचे गुण न बघता आपले गुण देतो आणि शेवटचा शब्द तिसऱ्याचा असतो. एनजीसीच्या परीक्षकांना तर नाण्यांचा व्यापार करायलाच बंदी आहे.

सात गुणांची तफावत
एवढी काळजी घेऊनही २००३ साली ‘कॉइन वर्ल्ड’ या साप्ताहिकाने सगळ्यांची फजिती केली. तीच ती नाणी वर्षभर वेगवेगळ्या कंपन्यांकडे फिरवली. एकाही नाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं नाही. काही ठिकाणी फरक चक्क सात गुणांचा! झीज डोळ्यांना दिसते, पण चकाकी, ठशाचा उठाव आणि एकूण देखणेपण यांना वजन किती द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे गुण हे मत आहे, मोजमाप नाही.

फोडा आणि पुन्हा पाठवा
मत बदलू शकतं, हे व्यापाऱ्यांनी कधीच हेरलं. ६४ गुणांची डबी फोडायची, नाणं पुन्हा पाठवायचं आणि ६५ची वाट बघायची. ‘क्रॅकआउट’ नावाचा हा उद्योग राजरोस चालतो. गंमत अशी की, ‘या दर्जाची इतकी नाणी तपासली’ असे तक्ते कंपन्या प्रसिद्ध करतात आणि फोडलेल्या डबीचं लेबल परत गेलं नाही, तर एकच नाणं त्यात दोनदा-तीनदा मोजलं जातं.

संगणक आला, संगणक गेला
माणसांचा लहरीपणा टाळायला पीसीजीएसने १९९०च्या सुमारास ‘एक्स्पर्ट’ नावाचा संगणक बसवला. सुरुवात ‘मॉर्गन’ या चांदीच्या डॉलरपासून केली. चरे मोजणं यंत्राला जमलं, पण देखणेपणाचं काय? प्रयोग फार टिकला नाही.

परीक्षकांचे परीक्षक
दोन्ही बड्या कंपन्यांच्या उभारणीत ज्यांचा हात होता, त्या जॉन अल्बानीझ यांनी २००७ साली ‘सीएसी’ काढली. काम एकच : दुसऱ्यांनी दिलेले गुण तपासायचे. गुण ठाम असतील तर डबीवर हिरवा स्टिकर, मुळात कमीच पडले असतील तर सोनेरी. स्टिकरमुळे भाव वाढतो! पुढे २०२३ साली त्यांनी स्वतःचीच ग्रेडिंग कंपनी सुरू केली.

कपाटातलं ‘खोटं’ नाणं
१९१३चं ‘लिबर्टी निकेल’ हे अमेरिकी नाणं जगात फक्त पाच. त्यातल्या एकाचे मालक जॉर्ज वॉल्टन १९६२ साली मोटार अपघातात गेले. तज्ज्ञांनी निकाल दिला : साल बदललेलं आहे, नाणं खोटं. घरच्यांनी ते कपाटात टाकलं आणि ते तिथे चाळीसेक वर्षं राहिलं. २००३ साली बाल्टिमोरच्या प्रदर्शनात बाकीची चार एकत्र आली, तेव्हा हे शेजारी ठेवून पाहिलं आणि ते अस्सल निघालं! २०१३च्या लिलावात त्याला ३१ लाख ७२ हजार ५०० डॉलर मिळाले. खात्रीच्या नाण्याशी ताडून पाहण्यासारखी दुसरी कसोटी नाही.

नाण्याबरोबर डबीही बोगस
२००७-०८मध्ये बाजारात नकली स्लॅब सापडले. आत खोटं नाणं, बाहेर हुबेहूब डबी, लेबलवरचा नंबर मात्र खरा! म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर नुसता नंबर जुळवून भागत नाही. तिथे फोटो असेल, तर डाग आणि चरेसुद्धा जागच्या जागी आहेत का ते बघायचं.

शिवराईला परदेशवारी नाही
पुण्यातल्या संग्राहकाला आपली शिवराई अमेरिकेला पाठवून गुण आणावेसे वाटले, तर मध्ये १९७२चा पुरावस्तू कायदा उभा राहतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. मुंबई टांकसाळीचा १९३९चा दुर्मीळ चांदीचा रुपया अजून या वयात आलेला नाही. पण तो घेताना भिंग जवळ हवंच, कारण १९३८च्या रुपयातल्या आठाचा नऊ करणारे कारागीर आहेत. शेवटच्या अंकाभोवती धातू खरवडल्यासारखा दिसला, की हात आखडता घ्यावा.

मग भरवसा कुणावर?
जो चुकल्यावर स्वतःच्या खिशातून पैसे मोजतो त्याच्यावर. बड्या कंपन्या हमी देतात : नाणं खोटं निघालं किंवा गुण जास्त पडले, तर भरपाई. अर्थात हमीलाही पळवाटा आहेत. तांब्याचा लाल रंग पुढे काळवंडला किंवा लेबलवर छपाईची चूक झाली, तर कंपनी हात वर करते. तेव्हा डबी घेण्याआधी हमीतली बारीक अक्षरं वाचा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल, तर लेबलवरचा ७० हा निव्वळ शाईचा खर्च.