सूत, शेअर आणि शांकरभाष्य

खान्देशातल्या कापडगिरण्यांचा विषय निघाला की जुनी माणसं चार नावं घेतात. जळगावची खान्देश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल आणि अमळनेरची प्रताप मिल. आता चारही भोंगे थांबले आहेत. जळगावच्या गिरणीच्या जागेवर व्यापारी संकुल आलं. धुळे आणि चाळीसगावच्या गिरण्या १९७४च्या कायद्याने सरकारच्या ताब्यात गेल्या, तरी अखेर बंदच पडल्या. अमळनेरची गिरणीही गेली. पण तिच्या पैशातून जे उभं राहिलं होतं, ते राहिलं. बोरी नदीच्या काठच्या या तालुक्याच्या गावाची ओळख करून घ्यायची ती त्यासाठी.

कापूस इथल्या काळ्या मातीचाच. पण त्याला सोन्याचा भाव आला तो सातासमुद्रापलीकडच्या भांडणामुळे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर खान्देश-वऱ्हाडाकडे वळली. त्याच दशकात जळगाव-भुसावळपर्यंत आगगाडी आली. पुढे सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग झाला आणि अमळनेर त्यावरचं स्टेशन बनलं. शिवारात कापूस, दारात रेल्वे. मग गाठी मुंबईला पाठवण्याऐवजी इथेच सूत का काढू नये, असा विचार करणारा धनी गावाला मिळाला. मोतीलाल माणेकचंद, म्हणजेच श्रीमंत प्रतापशेठ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांची गिरणी उभी राहिली आणि गाव भोंग्यावर उठू-झोपू लागलं.

कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो. म्हणून सूतखात्यात हवा दमट ठेवावी लागते. खिडक्या बंद ठेवायच्या आणि पाण्याचा फवारा सोडायचा. खान्देशातला वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला त्या बंद खात्यातली आठ तासांची पाळी कशी असेल ते सांगायला नको. हवेत कापसाचं पिंजण, नाकातोंडात तंतू, यंत्रांच्या धडधडीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कामगाराने आपल्या वाट्याच्या साच्यांपुढून सतत फेऱ्या मारायच्या, तुटलेलं टोक दिसलं की चालत्या चातीवरच बोटांनी सांधायचं आणि पुढे सरकायचं. कायम नोकरी नसलेला ‘बदली’ कामगार रोज दारावर उभा राही. कुणी गैरहजर असला तरच त्याला आत घेत, नाहीतर तो हात हलवत घरी. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या या माणसांची बोली अहिराणी आणि जीव शेतीत. पेरणी-कापणीला गावाकडे आणि एरवी गिरणीत, अशी अनेकांची दुहेरी कसरत चाले.

या सुतातून जो नफा निघाला, त्यातला मोठा वाटा प्रतापशेठांनी अशा कामाला लावला की ऐकणारा चकित व्हावा. १९१६ साली त्यांनी मुंबईचे शेठ वल्लभदास यांच्यासह अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं. वेदान्ताचा, विशेषतः अद्वैताचा, आधुनिक पद्धतीने अभ्यास व्हावा हा हेतू. तरुण अभ्यासकांना विद्यावेतन मिळे. प्रा. घ. र. मलकानी यांनी इथे आयुष्य वेचलं, बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ संचालक म्हणून येऊन राहिले. इथून निघणारं इंग्रजी तत्त्वज्ञान-त्रैमासिक देशाबाहेरही वाचलं जाई. एका बाजूला सुताचे कोन भरत होते, दुसरीकडे शांकरभाष्यावर खल चालला होता, आणि दोन्हींचा खर्च एकाच खतावणीतून.

याच तत्त्वज्ञान मंदिरात कोकणातल्या पालगडचा एक संकोची तरुण अभ्यासक म्हणून आला. १९२४ साली तो खान्देश शिक्षण मंडळाच्या शाळेत मास्तर झाला. पांडुरंग सदाशिव साने. वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हाताने लिहिलेलं दैनिक काढणारे, आजारी पोराचे कपडे स्वतः धुणारे हे मास्तर पुढे साऱ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी झाले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती उतरवून घेणारी लेखणी गुरुजींचीच. १९३८ साली त्यांनी अमळनेरातून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि ते गिरणीकामगारांच्या संघटनेच्या कामात पडले. ज्या शेठांच्या संस्थेत ते शिकले, त्याच शेठांच्या गिरणीच्या दारात आता ते कामगारांच्या बाजूने उभे होते.

हा ताण पुढे वाढतच गेला. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये अमळनेर पेटून उठलं, डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील या दांपत्याचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं. १९४६ साली गिरणीकामगारांवर गोळीबार झाला आणि श्रीपत पाटील या कम्युनिस्ट पुढाऱ्यासह कामगारांचे बळी गेले. एका वर्षाआधी, १९४५ साली, गावात प्रताप महाविद्यालय सुरू झालं होतं. दानशूर धनी आणि रक्त सांडलेले मजूर ही दोन्ही माणसं याच गावची. एकाचं नाव घेताना दुसऱ्याला झाकून ठेवलं, तर गोष्ट अर्धीच राहते.

त्याच १९४५च्या डिसेंबरात मुंबईचे तांदळाचे व्यापारी महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी काढली आणि शेंगदाण्याचा मुलूख म्हणून कारखान्यासाठी अमळनेर निवडलं. शेंगदाण्याच्या तेलाचं वनस्पती तूप करायचं आणि डब्यांत भरून विकायचं, असा हा धंदा. ‘सनफ्लॉवर’ हे तुपाचं नाव, ‘७८७’ हा कपड्यांचा साबण. १९६६ साली वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते; अमेरिकेतलं शिक्षण सोडून ते परतले. या कंपनीच्या नावाचं आखूड रूप म्हणजे ‘विप्रो’. सुरुवातीच्या वर्षांत गावातल्या व्यापाऱ्यांनी, वकील-मास्तरांनी, शेतकऱ्यांनी शंभर रुपयांचे शेअर घेतले होते. काहींनी ते हौसेने घेतले, काहींनी भिडेखातर. कंपनी संगणकाच्या धंद्यात गेली, बोनस शेअर मिळत राहिले, शेअरांची विभागणी होत गेली. ज्यांनी कागद न विकता तिजोरीत ठेवले, त्या घरांत कोट्यवधी आले. साध्या धोतरातला कोट्यधीश ही अमळनेरात दंतकथा नाही.

मात्र हे भाग्य ज्याच्यापाशी शंभर रुपये शिल्लक होते त्याचं. साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असायचं ते हजेरीचं तिकीट, आणि त्याला कुणी बोनस शेअर दिले नाहीत. गिरणी थांबल्यावर कुणी हमाली धरली, कुणी भाजीची गाडी लावली, कुणाची मुलं सुरतेला गेली.

गाव मात्र मोडलं नाही. वैशाखात सखाराम महाराजांचा रथ निघतो, मंगळग्रहाच्या मंदिरात मंगळवारी रीघ लागते, कॉलेज गजबजलेलं असतं. १९५२ साली इथे मराठी साहित्य संमेलन झालं होतं. २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं संमेलन त्याच गावाने भरवलं, आणि त्याच दिवसांत विद्रोही संमेलनाचा मांडवही इथेच पडला. मालक आणि कामगार या दोन्ही परंपरांच्या गावाला हे साजेसंच झालं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल हे असंच गिरणीगाव. तिथल्या गिरण्या बंद पडल्यावर १९७८ साली त्या परिसराचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं गेलं. आज तिथे चालते माग पाहायला मिळतात आणि गिरणीत राबलेल्या मुलींच्या खोल्याही. प्रतापशेठांचं नाव शाळा-कॉलेजांवर आहे, प्रेमजींचं जगभर आहे, गुरुजींचं घराघरात आहे. साचे चालवणाऱ्यांचं नाव कुठे आहे? सूतखात्यात राबलेले शेवटचे आजोबा आज ऐंशीच्या घरात असतील. प्रताप महाविद्यालयातल्या मुलांनी त्यांच्यासमोर बसून त्यांच्या अहिराणीतच त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. घराघरांतली हजेरीची तिकिटं, पगारचिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या एका खोलीत जमवाव्यात. तत्त्वज्ञानाला मंदिर बांधणाऱ्या गावाला कामगारांसाठी एक खोली जड नाही. अमळनेरकरांनो, हे काम रद्दीवाल्याच्या आधी करा.