वर्तमानपत्र आणि अब्रूनुकसानीचा दावा

सकाळीं दाराशीं येऊन पडलेलें वर्तमानपत्र उघडावें आणि त्यांत आपलेंच नांव एखाद्या लांछनास्पद कृत्याशीं जोडलेलें दिसावें, असा प्रसंग ज्याच्यावर ओढवतो त्याला पहिल्या घटकेस कायदा आठवत नाहीं. आठवतात ते शेजारी, सोयरे आणि कचेरींतील सहकारी. कायदा आठवतो तो संध्याकाळीं, कोणी तरी स्नेही "ठोका दावा" असें सांगून गेल्यावर. परंतु दावा ठोकणें म्हणजे नेमकें काय करणें, हें त्या स्नेह्यालाही बहुधा ठाऊक नसतें.

या कामीं कायद्यानें दोन वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. पहिली दिवाणी. तिच्यांत नुकसानभरपाई म्हणून पैसा मागावयाचा. दुसरी फौजदारी. तिच्यांत लिहिणाराला शिक्षा व्हावी अशी फिर्याद करावयाची. १८६० च्या भारतीय दंडविधानांत बदनामीचें कलम ४९९ वें होतें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या ३५६ व्या कलमानें त्याची जागा घेतली आहे. शिक्षा अधिकांत अधिक दोन वर्षांची. दिवाणी दाव्याला मात्र असें कलमवार विधान नाहीं. इंग्लंडांतील न्यायालयांच्या निवाड्यांतून जो कायदा घडत आला, तोच कांहीं फेरफारांनीं येथेंही चालतो.

कोणत्याही वाटेनें गेलें तरी तक्रार करणाराला आरंभीं तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. मजकूर प्रसिद्ध झाला. तो आपल्यालाच उद्देशून आहे. आणि त्यामुळें लोकांच्या दृष्टीनें आपली योग्यता कमी होते. नांव छापलें नसलें तरी चालतें. ओळखणारे ओळखतील इतकें वर्णन पुरेसें आहे. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्यांत अमुक इतके रुपये बुडाले असा हिशेबही प्रथम मांडावा लागत नाहीं. एवढें झालें कीं ओझें वर्तमानपत्राच्या खांद्यावर जातें. लिहिलेलें खरें होतें, हें आतां त्यानें सिद्ध करावयाचें असतें. आणि येथेंच वादीनें अंमळ थांबून विचार करावयास हवा. कारण सिद्ध करण्याचें काम ज्याच्यावर आलें, त्याला वादीचें सारें आयुष्य उकरून पाहण्याची मुभाही त्याबरोबर मिळते.

मुंबईंतील महाराज लायबल केस या नांवानें प्रसिद्ध असलेला दावा याचें ठळक उदाहरण आहे. करसनदास मूळजी हे 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्राचे संपादक. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकांत त्यांनीं एक लेख लिहिला. वल्लभ संप्रदायांतील कांहीं महाराज आपल्या भाविक अनुयायांच्या स्त्रियांशीं अनीतीनें वागतात, असा त्याचा आशय होता, आणि जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज यांचें नांव घेऊन त्यांना त्यांत आव्हान होतें. महाराजांनीं १४ मे १८६१ रोजीं सुप्रीम कोर्टांत दावा लावला व ५०,००० रुपये मागितले. संपादकाबरोबर मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना यांनाही प्रतिवादी केलें होतें. छापखान्याचा मालक "मीं केवळ खिळे जुळवले" असें म्हणून सुटत नाहीं, हें तेव्हांपासूनचें आहे.

करसनदासांपुढें अडचण होती ती साक्षीदारांची. जें घरोघरीं कुजबुजलें जात होतें तें न्यायालयांत शपथेवर सांगावयास कोण येणार? भाटिया जातींतील कांहीं पुढाऱ्यांनीं सभा भरवून, महाराजांविरुद्ध साक्ष देणाराला जातीबाहेर टाकण्याचा बेत केला. तेव्हां करसनदासांनीं त्यांच्यावरच कटाचा खटला भरला आणि डिसेंबर १८६१ मध्यें त्या मंडळींना दंड झाला. मूळ दावा उभा राहण्यापूर्वींच निम्मी लढाई येथें झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं. कारण साक्षीदाराचें तोंड बंद झालें असतें तर लेखांतील अक्षर न् अक्षर खरें असूनही प्रतिवादीचा निरुपाय होता.

सुनावणी २५ जानेवारी १८६२ रोजीं सुरू झाली. मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस व त्यांचे सहकारी सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यासमोर दोन्ही बाजूंचे मिळून साठांहून अधिक साक्षीदार आले. महाराज स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यांत उभे राहिले व त्यांनीं आरोप शपथेवर नाकारले. साक्षीस आले डॉ. भाऊ दाजीही. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज ज्यांचें नांव आहे, तेच हे. त्यांनीं महाराजांना औषध दिलें होतें, आणि तें कोणत्या रोगासाठीं हें न्यायालयांत सांगितलें. व्यभिचारानें जडणाऱ्या त्या रोगाचें नांव मुंबईच्या पत्रांतून छापून आलें. ज्या गोष्टी 'सत्यप्रकाश'च्या मोजक्या वाचकांपुरत्या राहिल्या असत्या, त्या या दाव्यामुळें साऱ्या इलाख्यांत पोंचल्या. दावा लावतांना वादीच्या सल्लागारांनीं याचा अंदाज केला नसावा, किंवा करूनही धन्याला सांगण्याचें धैर्य त्यांना झालें नसावें.

निकाल २२ एप्रिल १८६२ रोजीं लागला. लेख बदनामीकारक होता, या मुद्द्यावर वादीला नाममात्र भरपाई मिळाली. परंतु त्यांतील आरोप खरे ठरले, या मुख्य मुद्द्यावर निकाल करसनदासांच्या बाजूनें झाला आणि दाव्याचा खर्चही त्यांना मिळाला. जें नीतीनें वाईट तें धर्मानें चांगलें होऊं शकत नाहीं, हें प्रतिवादीचें म्हणणें न्यायमूर्ति आर्नोल्ड यांनीं आपल्या निकालपत्रांत गौरवानें नमूद केलें.

यावरून वर्तमानपत्राचीच सरशी होते अशी कोणाची समजूत झाली, तर वीस वर्षांनंतरचा कोल्हापूर प्रकरणाचा खटला पाहावा. 'केसरी' आणि 'मराठा' हीं पत्रें १८८१ च्या जानेवारींत निघालीं. पहिल्याचे संपादक आगरकर, दुसऱ्याचे टिळक. कोल्हापूरचे अल्पवयी छत्रपति चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागल्याचें सांगून त्यांचा छळ होत आहे, अशी वार्ता पुण्यांत पसरली होती. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर रोष होता. कांहीं पत्रें संपादकांच्या हातीं आलीं. बर्व्यांचें कारस्थान त्यांवरून उघड होतें असें वाटलें, आणि त्यांच्या आधारें दोन्ही पत्रांनीं कडक लेख लिहिले. बर्व्यांनीं मुंबईंत फौजदारी फिर्याद केली. चौकशींत तीं पत्रें बनावट निघालीं. संपादकांनीं दिलगिरी दर्शविली. तरी जुलै १८८२ मध्यें न्यायमूर्ति लॅथम यांनीं दोघांना चार चार महिन्यांची साधी कैद दिली. डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनीं पुढें एक छोटें पुस्तकही लिहिलें.

दोघांचा हेतु शुद्ध होता याविषयीं त्या वेळीं कोणाला शंका नव्हती, आजही नाहीं. मग शिक्षा कां? कारण सद्बुद्धि या शब्दाचा कायद्यांतील अर्थ बाजारांतल्या अर्थाहून निराळा आहे. मनांत कपट नव्हतें एवढ्यानें भागत नाहीं. योग्य ती काळजी घेऊन, नीट लक्ष देऊन जें केलें तेंच सद्बुद्धीनें केलें असें दंडविधान मानतें. हातीं आलेल्या पत्रावरील अक्षर ज्याचें म्हणून सांगितलें जातें त्याचेंच आहे काय, हें तपासणें त्या काळजींत मोडतें. उतावीळ देशभक्तीला ही सवलत मिळत नाहीं. शिवाय फौजदारी खटल्यांत नुसतें सत्यही पुरत नाहीं. तें प्रसिद्ध होणें लोकहिताचें होतें हेंही दाखवावें लागतें. दिवाणी दाव्यांत मात्र सत्य सिद्ध झालें कीं वर्तमानपत्र सुटलें.

येथें आणखी एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. नगरपालिकेनें बांधलेला पूल पहिल्याच पावसांत खचला, तेव्हां "अभियंत्याला पूल बांधतां येत नाहीं" असें लिहिणें हें मत झालें. खचलेला पूल खरा असेल व मत प्रामाणिक असेल, तर तें कितीही झोंबलें तरी सोसावें लागतें. "अभियंत्यानें सिमेंटचे पैसे खाल्ले" हें मात्र मत नव्हे. ती वस्तुस्थिति आहे आणि तिला पुरावा हवा. तिच्यामागें "असें म्हणतात" हे दोन शब्द जोडून कांहींच साधत नाहीं. दुसऱ्यानें केलेली बदनामी पुन्हा छापणारा हाही बदनामी करणाराच. न्यायालयांत जें झालें त्याचा यथार्थ वृत्तांत तेवढा या नियमांतून सुटतो. भाऊ दाजींची साक्ष छापणाऱ्या पत्रांवर कोणाला दावा लावतां आला नसता तो यामुळेंच.

आतां व्यवहाराच्या कांहीं गोष्टी. दिवाणी दाव्याला मुदत एका वर्षाची, आणि ती मजकूर प्रसिद्ध झाल्या दिवसापासून मोजली जाते. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षांची. मागितलेल्या रकमेच्या मानानें न्यायालयाची फी भरावी लागते, म्हणून रागाच्या भरांत लाखांचे आंकडे लिहिण्यापूर्वीं वकिलाला विचारणें बरें. वादी मरण पावल्यास दावाही त्याच्याबरोबर संपतो. अब्रू हा वारसांना मिळणारा ऐवज नव्हे, असें दिवाणी कायदा मानतो.

दावा लावण्यापूर्वीं वकिलामार्फत नोटीस देऊन खुलासा व माफी मागण्याची रीत आहे. पुष्कळ प्रकरणें येथेंच मिटतात. चूक झालेल्या पत्रानें ठळक जागीं ताबडतोब खुलासा छापला, तर पुढें भरपाईची रक्कमही त्या मानानें कमी होते. माफीला उशीर झाल्यास काय होतें, याचें एक उदाहरण पुण्याचेंच आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांचें छायाचित्र २००८ मध्यें एका दूरचित्रवाहिनीनें भलत्याच प्रकरणाच्या बातमींत चुकून दाखविलें. तें पडद्यावर होतें अवघीं कांहीं सेकंद. चूक कळल्यावर वाहिनीनें चित्र दाखविणें थांबविलें, पण जाहीर दिलगिरी तत्परतेनें दिली नाहीं. २०११ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा केला. मुंबई उच्च न्यायालयानें अपील ऐकण्यापूर्वीं त्यांतील २० कोटी रोख भरण्यास व उरलेल्या ८० कोटींची हमी देण्यास त्या वाहिनीला सांगितलें.